खरी पावडर, खोटी पावडर आणि कोल्हारचे दोघे भाऊ

नोकरीत असताना शेजारपाजारचे मला विचारायचे, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शन देत नाही, ड्रेसिंग करत नाही, वॉर्डात ड्यूटी नाही. मग हॉस्पिटलात दिवसभर करता तरी काय?"

मी सांगायची, "माणसं कशी चालतात ते बघते."

त्यांना ती थट्टा वाटायची. पण शेवटची बरीच वर्षं मी खरोखर तेच केलं. नगरच्या एका हॉस्पिटलात मी आधी नर्स होते. मग तिथे मोकाशी मॅडम आल्या, मेंदूविकाराच्या डॉक्टर. त्यांना औषधांच्या चाचण्यांसाठी एक बाई हवी होती. त्यांनी मला निवडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं अक्षर वाचता येतं आणि तुम्ही माझ्या तोंडावर 'नाही' म्हणता." नवऱ्याने हे ऐकलं तेव्हा तो इतका हसला की मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

आमचं काम कशावर होतं ते आधी सांगते. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं, घास नेमका तोंडात नेणं, शब्द न अडखळता बोलणं, ही सगळी त्याची कामं. काही घराण्यांत हा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो. डॉक्टर त्याला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात. आमच्याकडे यायचे त्या घरांमध्ये आईला किंवा बापाला तो असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. नाणं उडवावं तशी. तिशी-चाळिशीपर्यंत माणूस धडधाकट असतो, मग पाय लटपटायला लागतात.

यावर औषध नाही म्हटल्यावर माणसं डबे आणतात. मेंदूचं टॉनिक, प्रथिनांची पावडर, कसली कसली जीवनसत्त्वं. दुकानदार सांगतो, "हे औषध नाही, खाद्य आहे, अपाय काही नाही." लोक मॅडमच्या टेबलावर डबा ठेवून विचारायचे, "घेऊ का?" आणि मॅडमना खरं उत्तर एकच देता यायचं, "मला माहीत नाही." हे वाक्य त्यांना फार लागायचं. म्हणून अशाच एका पावडरीची चाचणी आली तेव्हा त्यांनी ती लगेच घेतली. पावडर म्हणजे प्रथिनाचाच एक तुकडा, एक अमिनो आम्ल. चवीला कडू. बाहेर बरेच लोक ती स्वतःच्या मनाने घेत होते आणि फरक पडला म्हणून सांगत होते. तो फरक खरा आहे का, एवढंच बघायचं होतं.

खर्ड्याचे एक निवृत्त कवायत-शिक्षक आमच्या चाचणीत होते. त्यांना आम्ही रोज काय जाणवतं ते वहीत लिहायला सांगितलं. गुरुजींनी पहिल्या पानावर लिहिलं, "आज पावडर घेतली. काही नाही. उद्याही नसेल असे वाटते." तीन महिने रोज तीच वाक्यं, सुवाच्य अक्षरात, खाली सही. मी म्हटलं, "गुरुजी, उद्याचं आज लिहू नका." तेव्हापासून शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं, पण गाळल्याबद्दल नापसंतीची एक नोंद वहीत केली.

पण सगळेच गुरुजींसारखे नव्हते. मला सांगायचंय ते कोल्हारच्या दोन भावांबद्दल.

थोरले नानासाहेब, धाकटे बाळासाहेब. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं, मध्ये शेवग्याचं झाड. शेती दोघांची एकत्र. नानांना मूलबाळ नव्हतं; बाळासाहेबांना दोन मुली, दोघी शिकणाऱ्या. बाळासाहेबांची बायको बालवाडीत शिकवायची, सकाळी घराबाहेर पडायची. घरातलं सगळं, पावडर कालवण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत, नानांच्या पत्नी मंदाकाकू बघायच्या.

दोघा भावांना आजार एकाच वेळी सापडला. आधी नाना आले, आणि त्यांना धरून आणणारे बाळासाहेबही फार सरळ चालत नव्हते. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. आजार वडिलांकडून आलाय, असंही सांगितलं. मला वाटलं, आता दोघं कोसळणार. नाना मॅडमकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे आमचा बाप पीत नव्हता."

मॅडमना कळेना. तेव्हा बाळासाहेबांनी सांगितलं. वडील असेच झोकांड्या खात चालायचे. अख्खं गाव म्हणायचं, दारूने गेला. आई म्हणायची थेंबाला शिवत नव्हते, पण तिचं कोण ऐकणार? पोरांनीसुद्धा ऐकलं नव्हतं. आता नानांनाही लोक तसंच म्हणायला लागले होते.

"डॉक्टर, ह्ये कागदावर लिहून द्या," नाना म्हणाले. "मराठीत. मोठ्या अक्षरात."

मॅडमनी लिहून दिलं. नानांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एक चहाच्या हॉटेलात चिकटवली. माझ्या नोकरीत आजाराचं निदान ऐकून इतका ताठ होऊन गेलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मग चाचणीची गोष्ट निघाली. मी त्यांना समजावलं, की प्रत्येकाला दोन प्रकारची पाकिटं मिळतील. तीन महिने एक, मग महिनाभर काहीच नाही, मग तीन महिने दुसरी. एकात खरी पावडर, दुसऱ्यात खोटी. दिसायला, चवीला सारखीच. कोणती कधी, हे तुम्हाला कळणार नाही, मला नाही आणि मॅडमनाही नाही. यादी पुण्यात, चाचणी चालवणाऱ्यांच्या ऑफिसात, बंद पाकिटात.

नाना म्हणाले, "म्हंजे तुमी आमाला खोटी पावडर चारनार, अन् वर सही बी घेनार?"

"हो."

"अन् खोटी बी कडू?"

"खोटी मुद्दाम कडू केलीय."

"काय वो ह्ये," नाना म्हणाले, "खोट्याला गोड तर करायचं." आणि सही केली. बाळासाहेबांनी विचारलं, "आमच्या पोरींना उपयोग हुईल ना याचा, पुढंमागं?" मी म्हटलं, "पावडर चांगली निघाली तरी होईल आणि वाईट निघाली तरी होईल." त्यांनीही सही केली.

दर काही आठवड्यांनी दोघं नगरला यायचे. पट्टीवरून आठ मीटर चालायचं, मी सेकंद मोजायची. नाकाला बोट लावायचं, मग माझ्या बोटाला. पाय जुळवून उभं राहायचं. 'पा-टा-का, पा-टा-का' असं भराभर म्हणायचं. या 'पा-टा-का'वर दोघं भाऊ एकमेकांकडे बघून असे हसायचे की मला पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागायचं. शिवाय सगळ्यांना आम्ही व्यायाम शिकवायचो.

पहिल्या तीन महिन्यांत नाना सुधारले. चालायचा वेळ कमी झाला, पाय जुळवून उभे राहायला लागले. दुसऱ्या भेटीत म्हणाले, "सिस्टर, परवा भगवतीच्या देवळापस्तोर गेल्तो. काठी नेली हुती, पन टेकली न्हाई." मंदाकाकू मागे उभ्या, डोळे पुसत होत्या. आणि मी, इतक्या वर्षांची नर्स, मॅडमनी 'नाही' म्हणता येतं म्हणून निवडलेली, पटकन बोलून गेले, "नाना, पावडर लागू पडली हो तुम्हाला!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्या धंद्यातला पहिला नियमच तो: बघायचं, मोजायचं, लिहायचं, आपलं मत द्यायचं नाही. कारण आपल्याला माहीतच नसतं. पण आनंद झाला आणि तोंडातून निघून गेलं.

ते वाक्य त्याच दिवशी कोल्हारला पोचलं. आठ दिवसांत मला फोन सुरू झाले. एकाला गुडघ्यांसाठी पावडर हवी होती, एकाला सासूच्या विसरभोळेपणासाठी. एक गृहस्थ लंगडणाऱ्या बैलाबद्दल विचारत होते. मी म्हटलं, "अहो, बैलाची सही कशी घेणार?" ते म्हणाले, "अंगठा देतो की मी त्याचा."

बाळासाहेबांना मात्र पहिल्या तीन महिन्यांत काहीच फरक नव्हता. पोट तेवढं फुगायचं.

महिनाभराची सुट्टी झाली, दुसरी पाकिटं सुरू झाली आणि नानांचं चालणं पुन्हा बिघडलं. एकदा ते पाण्याच्या टाकीपाशी पडले, कपाळाला टाके पडले. पुढच्या भेटीत ते आले ते बाळासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवूनच.

त्या भेटीत मी नेहमीप्रमाणे रिकामी पाकिटं मोजायला घेतली. प्रत्येक पाकिटावर नंबर असतो. नानांची लाल पिशवी, बाळासाहेबांची हिरवी. नंबर सगळे बरोबर होते. संख्या बरोबर. पिशव्या बाजूला ठेवणार तेवढ्यात माझं लक्ष पाकिटांच्या कडांकडे गेलं.

नानांची पाकिटं मंदाकाकू कात्रीने कापायच्या, अगदी सरळ. बाळासाहेबांचे हात थरथरतात आणि ते कुणाची मदत घेत नाहीत, म्हणून ते पाकीट दाताने फाडायचे. गेले पाच महिने मी तेच बघत आले होते. त्या दिवशी नानांच्या लाल पिशवीत बरीच पाकिटं दाताने फाडलेली होती. आणि बाळासाहेबांच्या हिरव्या पिशवीत तितकीच कात्रीने कापलेली.

मी नानांना व्यायामाच्या खोलीत पाठवलं, मंदाकाकूंना त्यांच्याबरोबर. बाळासाहेबांना बसवून दोन पाकिटं समोर ठेवली.

"हे काय आहे?"

त्यांनी व्यायामाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "दादाला न्हाई सांगायचं."

"आधी मला सांगा."

"दादाला पयल्या बारीला खरी हुती. म्हंजे आता खोटी. बरुबर? अन् मला पयल्या बारीला कायच झालं न्हाई, म्हंजे ती खोटी. आता माझ्याकडं खरी." त्यांनी हिशोब बोटांवर मांडला, बोटं थरथरत होती. "दादा पडला त्या दिवशी मी ठरवलं. वहिनी रानात गेली की माझी पाकिटं त्याच्या डब्यात टाकायचो, त्याची मी घ्यायचो. रिकामी झाली की परत ज्याच्या त्याच्या पिशवीत."

"पण नानांना पहिल्यांदा खरी होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "तुमीच की, सिस्टर. तुमीच म्हनला लागू पडली."

मी दोन्ही पाकिटं उचलून त्यांचे नंबर पुन्हा ताडून बघितले.

ते म्हणाले, "कुनाला कळनार हाय? नंबर बरुबर हायेत ना?"

नंबर बरोबर होते, हीच तर अडचण होती. तपासायला पुण्याहून येणारे लोक नंबर बघतात, कडा बघत नाहीत. मी गप्प राहिले असते तर कागद स्वच्छ राहिला असता, माझी चूकही झाकली गेली असती, आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. खोटं कशाला बोलू, गप्प राहायचा मोह मला झाला. मिनिटभर का होईना, झाला.

मी म्हटलं, "बाळासाहेब, उद्या तुमच्या मुलींपैकी एखादी या खुर्चीत बसली आणि तिने विचारलं, ही पावडर घेऊ का, तर मॅडम या कागदांवरून सांगणार. त्यांच्या पुढ्यात कोणता कागद असावा? हा, की खरा?"

त्यांनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "लिवा तुमी. फकस्त दादाला सांगू नका. माझं मी सांगीन."

मी लिहिलं. पाकिटांची अदलाबदल लिहिली, आणि ती कशामुळे झाली तेही लिहिलं, म्हणजे माझं वाक्य, जसंच्या तसं. कागद मॅडमकडे नेला. मॅडमनी दोनदा वाचलं. पुण्याचे लोक आले, त्यांनी मला दुपारभर प्रश्न विचारले. दोघा भावांचे त्या काळातले आकडे मुख्य हिशोबातून बाहेर गेले. एवढे आठ मीटर ते आमच्यासाठी चालले होते, त्यातले अर्धे फुकट गेले, आणि ते माझ्यामुळे. याची रुखरुख मला अजून आहे.

मी राजीनामा देऊ का, असं मॅडमना विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "अजिबात नाही. नवीन मुली येणार आहेत कामावर. काय बोलू नये, हे तुमच्याइतकं चांगलं त्यांना कोण शिकवणार?"

निकाल यायला बरेच महिने लागले. मी तोवर निवृत्त झाले होते. एक दिवस मॅडमचा फोन आला, "यादी उघडली. कोल्हारला जायचंय. फोनवर सांगायची गोष्ट नाही. येता?"

मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत, वाटेत पेरू घेत आम्ही दोघी गेलो. नाना आता वॉकर धरून चालत होते. शेवग्याखाली खुर्च्या मांडलेल्या. दोघं भाऊ, दोघांच्या बायका, मोठी मुलगी. धाकटी कॉलेजात होती.

मॅडमनी वेळ न घालवता सांगितलं. "पावडरीचा उपयोग होत नाही. खरी घेतली काय आणि खोटी घेतली काय, लोकांच्या चालण्यात फरक निघाला नाही."

मग नानांनी विचारलं, "पन मी तर चांगला चालत हुतो की."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला तेव्हा खोटी पावडर होती."

"मंग मी देवळापस्तोर गेलो ते कशानं?"

"व्यायाम करत होतात. दर महिन्याला कोणीतरी तुमचं चालणं नीट बघत होतं. आपण बरे होऊ असं वाटत होतं. या आजारात चांगले दिवस, वाईट दिवस असतातही. यातलं कशाने किती, ते मला सांगता येणार नाही. पण पावडरीने नाही, एवढं नक्की."

नाना मंदाकाकूंकडे वळले. "ऐकलं का? मी माझा माझा गेल्तो."

"मी हुते की संगं," काकू म्हणाल्या. "काठी कुनी धरली हुती?"

मोठी मुलगी हसली. तिने मॅडमना विचारलं, "म्हणजे आता हे डबे कोणी विकायला आलं तर नाही म्हणायचं?"

"ही पावडर असेल तर खुशाल नाही म्हणायचं. बाकीच्यांचं अजून मला माहीत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी नक्की कळलं." तिने अजून स्वतःची रक्ताची तपासणी केलेली नव्हती. करायची की नाही, ते तिचं तिने ठरवायचं होतं, आणि तिला घाई नव्हती. पण व्यायाम ती काकांबरोबर रोज करत होती, असं मंदाकाकूंनी मला हळूच सांगितलं.

एवढ्यात बाळासाहेबांनी घसा खाकरला. "दादा, एक सांगायचं राहिलंय."

मी मंदाकाकूंचा हात धरला, कशाला ते माहीत नाही. बाळासाहेबांनी सगळं सांगितलं. डबा, पाकिटं, पिशव्या. अडखळत, पण काही न गाळता. नाना ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग ते मॅडमना म्हणाले, "थांबा थांबा. दुसऱ्या बारीला मला कंची हुती?"

"खरी."

"अन् ह्याला?"

"खोटी."

नानांनी भावाकडे बघितलं. "म्हंजे तू माझी खरी काढून घेतली, अन् मला खोटी चारली?"

"मला काय म्हाईत!" बाळासाहेब ओरडलेच. "मी तर खरी म्हनून—"

आधी मुलगी हसली, मग मॅडम, आणि मग कोणाला आवरेना. बाळासाहेबांना हसता हसता ठसका लागला. मंदाकाकू त्यांची पाठ चोळत होत्या आणि स्वतःही हसत होत्या. "दिराच्या हातचं खाऊ नका, म्हनून मी सांगत हुते," असं काहीतरी त्या म्हणाल्या, जे त्यांनी कधीच सांगितलेलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर नाना वॉकर धरून उठले. भावाच्या खुर्चीपर्यंतची चार पावलं त्यांनी सावकाश टाकली, आम्ही कोणी हात दिला नाही. पोचल्यावर त्यांनी एक हात वॉकरवरून काढला आणि बाळासाहेबांच्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता, डोकंही थरथरत होतं.

"खरी समजूनच दिली हुतीस ना?" ते म्हणाले. "मंग झालं."